निवडुंगाचं कटिंग: आधी खपली, मग कुंडी

थंडी सरली आणि रात्रीही ऊब राहू लागली की निवडुंगाची कटिंगं करायला घ्या. हवा कोरडी आणि तापमान २० ते ३० अंश असलं की जखम लवकर भरते. पावसाची झड लागलेली असताना किंवा ऐन थंडीत सुरी बाजूलाच ठेवा.

सुरी धारदार हवी आणि दर कापानंतर ती स्पिरिटने पुसावी. फड्या निवडुंगाचं पान जोडावर कापा. खांबासारख्या जातींचा १०-१५ सेंमीचा तुकडा पुरतो. कापात तांबूस डाग दिसला तर तो संपेपर्यंत थोडं थोडं वरून पुन्हा कापत जा. खांबाच्या बुडाच्या कडा पेन्सिलीसारख्या थोड्या तासा. मुळं कापाच्या मधोमध दिसणाऱ्या गोल कड्यातून फुटतात. न तासल्यास गर वाळून आत ओढला जातो, साल ताठ राहते आणि खळग्यात पाणी साचतं.

आता कापावर खपली धरेपर्यंत थांबायचं, आणि इथेच धीर सुटतो! पानाला आठ-दहा दिवस, मनगटाएवढ्या खांबाला दोन ते चार आठवडे लागतात. तुकडा सावलीत, वारा लागेल असा उभा ठेवा. आडवा राहिला तर कुशीवर मुळं फुटतात. बोटाला खपली टणक लागली की झालं. तुकडा सुरकुतला तरी घाबरू नका, त्याच्या पोटात पाणी आहे. माझी पहिली कटिंगं तहानेने नाही, मी दयेपोटी घातलेल्या पाण्याने गेली.

कुंडी मातीची, बुडाला भोक असलेली आणि तुकड्यापेक्षा दोन-तीन सेंमीच रुंद घ्या. निम्मी भरड वाळू किंवा परलाइट (पांढरे हलके खडे), निम्मी साधी माती. शेणखत आत्ता नको. तुकडा दोन-तीन सेंमीच खोचा, डुलत असेल तर काठीला बांधा. फड्याला हात लावताना कागदाची घडी वापरा, त्याची बारीक कुसं हातमोज्यातही घुसतात. पहिले दहा-बारा दिवस पाणी नाही, मग थोडंसं, आणि माती पूर्ण वाळल्यावरच पुन्हा. महिन्याभराने हलकेच ओढून पाहा. तुकडा जागचा हलला नाही तर मुळं धरली. त्यानंतर हळूहळू उन्हात सरकवा.

ख्रिसमस कॅक्टसला हे सगळं लागू नाही. तो मुळात जंगलातल्या झाडांवर वाढणारा. दोन-तीन पेरं पिळून तोडा, एक-दोन दिवस सुकवा आणि किंचित ओलसर मातीत लावा.

लाल-पिवळ्या गोळ्याचा कलमी निवडुंग मात्र कापून लावू नका. त्या गोळ्यात हरितद्रव्य जवळजवळ नसतंच, खालच्या हिरव्या खुंटाच्या जिवावरच तो जगतो.