हेवी लायसनची टेस्ट: तयारी कुठून सुरू करायची

ट्रक किंवा बससाठी अर्ज करायचा तर वय 20 पूर्ण हवं आणि कारचं लायसन निदान एक वर्ष जुनं. आठवी पासची अट 2019 मध्येच गेली. तरी "दाखला लागेल, मी बघतो" म्हणणारे एजंट अजून भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. 'सारथी' या सरकारी वेबसाइटवर अर्ज स्वतः भरता येतो. डॉक्टरांचा फॉर्म 1-ए (तब्येतीचा दाखला) लागतो आणि टेस्टला मोटार ट्रेनिंग स्कूलचा फॉर्म 5 (गाडी शिकल्याचा दाखला). डॉक्टरांकडे जाण्याआधी भर उजेडात 25 मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचून बघा. अडखळलात तर आधी चष्मा.

लर्निंग निघाल्यावर 30 दिवसांनी टेस्ट देता येते आणि सहा महिन्यांच्या आत ती द्यावी लागते. या दिवसांत हायवेवर किलोमीटर वाढवण्यात अर्थ नाही. सरळ रस्त्यावर सगळ्यांनाच गाडी येते.

माझी पहिली टेस्ट चढावर गेली. हँडब्रेक सोडला, क्लच उचलायला क्षणभर उशीर झाला आणि बस वीतभर मागे आली. साहेब काही बोलले नाहीत, नुसतं लिहिलं. मग उस्तादांनी युक्ती शिकवली: मागच्या चाकामागे रिकामी काडेपेटी ठेवायची. हँडब्रेक ओढलेलाच, पहिला गिअर, क्लच हळूहळू वर. इंजिनाचा आवाज जड होतो, केबिन किंचित थरथरते, की गाडीनं भार घेतला. तेव्हाच हँडब्रेक सोडायचा. काडेपेटी चपटी झाली की पुन्हा पहिल्यापासून. मी सात-आठ पेट्या चिरडल्या असतील.

वळणाची आणि रिव्हर्सची गंमत वेगळी. बसचा बराचसा भाग मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे पुढे जाताना डावीकडे वळलात की शेपूट उजवीकडे फिरतं. दोन्ही आरशांत आलटून पालटून बघा. अंदाज येईना तर थांबून, विचारून, खाली उतरा. त्यात कमीपणा नाही.

टेस्टच्या दिवशी गाडीत चढण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारा: टायर, चाकांचे नट, दिवे, खाली कुठे गळती. इंजिन चालू केल्यावर हवा भरू द्या. एअर ब्रेकचा काटा लाल पट्ट्याच्या वर येऊन बझर थांबेपर्यंत गाडी हलवायची नाही.

तोंडी प्रश्नांसाठी वेगमर्यादा पाठ हव्यात. मालगाडीला एक्स्प्रेसवे आणि चौपदरी, दोन्हीकडे 80. बसला 100 आणि 90. शहरात दोघांनाही 60. अर्थात कमी वेगाची पाटी असेल तर पाटीचंच ऐकायचं. घाटाबद्दल विचारलं तर उत्तर एकच: ज्या गिअरमध्ये चढलो, त्यातच उतरायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रल केलं की सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेला ब्रेक लागेनासा होतो.

नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा. तीनदा झालात तर मात्र 60 दिवस थांबायचं, वर उजळणीचं प्रशिक्षणही. लायसन पाच वर्षांचं मिळतं. प्रवासी गाडी चालवायची असेल तर बॅचही (चालकाचा बिल्ला) काढावा लागतो. त्यासाठीची पोलीस पडताळणी वेळ खाते, म्हणून लायसन हातात पडलं की त्याच आठवड्यात अर्ज टाका.