पंखाचा ठसा वाचताना या चुका टाळा

पुण्याच्या कातळात कार्बोनिफेरस काळातल्या कीटकाच्या पंखाचा जीवाश्म-ठसा सापडणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आपल्या टेकड्या म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. कार्बोनिफेरस काळ त्याच्या कितीतरी आधीचा, सुमारे ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा. वाघोलीच्या खाणीतल्या झिओलाइट खनिजाच्या स्फटिकांचे पसरलेले झुबके सुंदर दिसतात, पण ते पंख नव्हेत.

दुसरी नेहमीची गल्लत चंद्रपूरची. ‘कार्बोनिफेरस’ म्हणजे कोळशाचा काळ, चंद्रपुरात कोळसा आहे, म्हणजे तिथली शिळा कार्बोनिफेरस, असा हिशेब लोक सर्रास करतात. तो युरोपातल्या कोळशाला लागू पडतो. आपल्या वर्धा खोऱ्यातला कोळसा त्यानंतरच्या पर्मियन काळातला. त्यासोबतच्या राखाडी पाटीच्या दगडावर जाळीदार ठसा मिळाला, तर तो बहुतेक वेळा ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाच्या पानाचा असतो. तुकडा लहान असला की पान आणि पंख यांत घोटाळा होतोच. परदेशी नमुन्यांतही हेच घडतं: न्यूरोप्टेरिस या नामशेष वनस्पतीची पानं आणि झुरळासारख्या कीटकांचे पुढचे पंख आकाराने अगदी मिळतेजुळते.

मग ओळखायचं कसं? पानात मुख्य शीर मधोमध धावते आणि दोन्ही बाजू साधारण सारख्या असतात. पंखात सगळा जोर पुढच्या कडेला असतो. मागचा भाग रुंद आणि नाजूक. न्यूरोप्टेरिसच्या शिरा फक्त फाटे फोडत कडेपर्यंत जातात, त्यांना जोडणाऱ्या आडव्या शिरा नसतात. पण जाळी दिसली म्हणजे पंख, असंही नाही, कारण ग्लॉसोप्टेरिसलाही जाळी आहेच. खरा निकाल लागतो तो उंचसखलपणावर.

उंचवटा की खळगा?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. कीटकाचा पंख सपाट नसतो, पन्हळी पत्र्यासारखा असतो, आणि पातळ असूनही वाकत नाही तो त्यामुळेच. पुढची कड उंच, तिच्यामागची उपकडेची शीर खोल, मग रेडियस नावाच्या शिरेची पुढची शाखा उंच, मागची खोल; तिच्यामागच्या मीडिया शिरेची पुढची उंच, मागची खोल; त्याही मागच्या क्युबिटस शिरेचंही तसंच. या प्राचीन पंखांत हा क्रम इतका ठळक असतो की अर्धा पंख तुटलेला असला तरी शिरांची नावं लावता येतात.

पण दगडात आपल्याला अनेकदा पंख नव्हे, त्याचा साचा दिसतो. दगड फुटला की दोन भाग होतात. एका भागावर जे उंच, ते दुसऱ्यावर खोल. शिवाय एकीकडे डावा दिसणारा पंख दुसरीकडे उजवा दिसतो. म्हणून सुरुवात नेहमी उपकडेच्या शिरेपासून करा. पंखाच्या वरच्या बाजूने पाहताना ती दरीतच असायला हवी. ती उचललेली दिसली, तर पुढची सगळी चिन्हं उलटी धरायची. एकच शीर सोयीने उलटी करून चालत नाही.

फोटोत आणखी एक खोड असते. उजेड कुठून पडलाय हे कळलं नाही, तर डोळा खळग्याला उंचवटा समजतो. संदर्भग्रंथांतल्या फोटोंत उजेड सहसा वरच्या डाव्या बाजूने घेतात. तुम्हीही टेबललँप तसाच, अगदी खाली झुकवून ठेवा. ठशाशेजारी मोहरीचा दाणा ठेवून फोटो काढा: दाण्याची सावली उजेडाची दिशा सांगते आणि मग फसगत होत नाही. वरून थेट फ्लॅश मारलेला फोटो मला कुणी ओळखायला पाठवला, तर मी तो न बघताच परत पाठवतो.

शिरांच्या नावांची मूळ पद्धत कॉमस्टॉक आणि नीडहॅम या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञांनी १८९८-९९ मध्ये बसवली. पुढे इतरांनी तिच्यात फेरफार केले. त्यामुळे दोन आकृत्यांची तुलना करण्याआधी दोघांनी कुठली पद्धत वापरली आहे ते पाहा.

मेगान्युरा म्हणजे मोठा चतुर नव्हे

विज्ञान प्रदर्शनातल्या प्रतिकृतींत ही चूक हमखास असते. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स ब्रोंन्यारने १८८५ मध्ये फ्रान्समधल्या कोमांत्री गावच्या जीवाश्म कीटकाला मेगान्युरा हे नाव दिलं. पंख पसरल्यावर सुमारे ६५ ते ७० सेंटिमीटर. मुलं मात्र पाषाण तलावावरचा चतुर मोठा करून काढतात आणि मोकळी होतात.

पावसाळा सरताना खिडकीत मरून पडलेला एखादा चतुर मिळाला, तर त्याचा पंख भिंगाखाली धरा. पुढच्या कडेच्या साधारण मध्यावर एक खाच दिसेल, ती नोड. टोकाजवळ गडद लांबट ठिपका दिसेल, तो टेरोस्टिग्मा. मेगान्युराच्या गटात या दोन्ही गोष्टी नाहीत. म्हणून तो चतुरांचा नातलग, खरा चतुर नव्हे. प्रतिकृतीत ठिपका रंगवलात की जाणकार तिथेच हसणार.

पंख मिटवण्याचंही असंच. मेगान्युरा किंवा चोचीने झाडांचा रस शोषणारे पॅलिओडिक्टिऑप्टेरा पंख पाठीवर मागे दुमडून बसू शकत नव्हते. ते पसरलेलेच दाखवा. या दुसऱ्या गटात डोक्यामागे पंखांसारखी छोटी जोडीही असते. ती उडण्याच्या पंखांएवढी काढू नका. झुरळासारखे कीटक मात्र पंख नीट मिटत होते. ‘त्या काळी कुणालाच पंख दुमडता येत नव्हते’ हे विधान म्हणूनच चूक.

प्राणवायू जास्त होता म्हणून कीटक मोठे झाले, ही गोष्ट खोटी नाही, पण पुरेशीही नाही. आकाशात त्यांना खाणारं किंवा त्यांच्याशी स्पर्धा करणारं पाठीच्या कण्याचं कुणी नव्हतं, हेही धरायला हवं. आणि सर्वांत मोठा कीटक मानला जाणारा, मेगान्युराचा नातलग मेगान्युरॉप्सिस हा तर पर्मियन काळातला.

गोटा फोडताना

अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या मेझन क्रीकचे, आत जीवाश्म दडलेले लोहयुक्त गोटे ऑनलाइन विकत मिळतात. हातोडी घालू नका. घाव नेमका पंखावरून जातो. गोटा पाण्यात भिजवा, फ्रीजरमध्ये गोठवा, वितळू द्या, पुन्हा गोठवा. आमरसाच्या डब्याशेजारी दगड पाहून घरचे काय बोलतील ते ऐकून घ्या. कमकुवत जागी तो आपोआप उकलतो. उकलल्यावर दोन्ही भागांवर एकच क्रमांक घाला आणि ते एकाच डबीत ठेवा. सुंदर भाग कपाटात आणि दुसरा कुंडीत गेला, की उंच-खोलाचा पडताळा कायमचा संपला.