देशातील प्राथमिक शिक्षकांच्या संख्येतील बदल कसा वाचावा

एखाद्या देशात वीस वर्षांपूर्वी किती प्राथमिक शिक्षक होते आणि आज किती आहेत, हे दोन आकडे मिळवणे फारसे अवघड नाही. युनेस्कोची सांख्यिकी संस्था ही माहिती देशोदेशींकडून गोळा करते आणि जागतिक बँकेच्या संकेतस्थळावरून ती देशवार, वर्षवार उतरवून घेता येते. अवघड आहे ते या दोन आकड्यांतला फरक कशामुळे पडला हे ओळखणे. शिक्षक खरोखर वाढले, की मोजण्याची पद्धत बदलली, की देशाची सीमाच बदलली, हे आलेखाची रेषा सांगत नाही. म्हणून पडताळणी व्याख्येपासून सुरू करावी, कारण व्याख्येत चूक राहिली तर पुढचे सारे गणित वाया जाते.

‘प्राथमिक’ म्हणजे नेमक्या कोणत्या इयत्ता, हे सर्वप्रथम पाहावे. युनेस्कोच्या २०११ च्या आंतरराष्ट्रीय शिक्षण वर्गीकरणात प्राथमिक टप्पा साधारणपणे ४ ते ७ वर्षांचा धरला आहे, परंतु देशांची स्वतःची रचना तशीच असते असे नाही. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा ४ वर्षांची आहे, तर केनियात १९८५ साली आलेल्या ८-४-४ रचनेत (प्राथमिक ८, माध्यमिक ४, विद्यापीठ ४ वर्षे) ती ८ वर्षांची होती. त्यामुळे देशाच्या शिक्षण खात्याचा अहवाल आणि युनेस्कोचा तक्ता एकाच वर्षासाठी वेगवेगळे आकडे देऊ शकतात, आणि आपापल्या व्याख्येनुसार ते दोन्ही बरोबर असतात. असे दोन स्रोत एकाच रेषेत जोडू नयेत.

त्यानंतर कोणाची मोजणी झाली आहे ते तपासावे. खासगी शाळांतील शिक्षक धरले आहेत का, अर्धवेळ शिक्षक पूर्ण एक म्हणून मोजला आहे की पूर्णवेळ पदाच्या प्रमाणात, कंत्राटी शिक्षक यादीत आहेत का, आणि आकडा मंजूर पदांचा आहे की प्रत्यक्ष भरलेल्या पदांचा, हे प्रश्न किचकट वाटले तरी टाळता येत नाहीत. मंजूर पदे कागदावर वाढली म्हणून वर्गात शिक्षक पोहोचला असे होत नाही. वर्षाच्या नोंदीकडेही लक्ष द्यावे. २०१४-१५ हे शैक्षणिक वर्ष युनेस्कोच्या तक्त्यात २०१५ खाली येते, पण देशाच्या अहवालात ते २०१४ खाली असू शकते. सीमांचे उदाहरण सुदानचे आहे. जुलै २०११ मध्ये दक्षिण सुदान स्वतंत्र झाला, तेव्हा त्या आधीचे आणि नंतरचे आकडे जोडण्यापूर्वी कोणता भूभाग मोजला आहे हे पाहावेच लागते.

आता रिकाम्या वर्षांकडे वळावे. माहिती नसलेल्या वर्षांच्या दोन टोकांना सरळ रेषेने जोडण्याची सवय फार धोकादायक आहे, असे माझे ठाम मत आहे. युद्धात किंवा राजवट कोसळल्यावर शाळांबरोबर मोजणीही थांबते, आणि म्हणून शिक्षकांचे सर्वाधिक हाल झालेली वर्षेच तक्त्यात कोरी राहण्याचा संभव असतो. कंबोडियात १९७५ ते १९७९ या ख्मेर रूज राजवटीत शिक्षकांसह शिकलेल्या लोकांना वेचून मारण्यात आले. त्या काळावर एक गुळगुळीत रेषा ओढणे म्हणजे घडलेली गोष्ट पुसून टाकणे होय. कोरी जागा आलेखात कोरीच ठेवावी आणि तिचे कारण शेजारी लिहावे.

केवळ शिक्षकसंख्येवरून स्थिती सुधारली की बिघडली हे ठरत नाही. ती पटसंख्येशेजारी ठेवावी लागते. समजा, एका देशात ८० लाख विद्यार्थी आणि २ लाख शिक्षक आहेत, म्हणजे एका शिक्षकामागे ४० मुले. दहा वर्षांनी शिक्षक २० टक्क्यांनी वाढून २ लाख ४० हजार झाले, पण विद्यार्थी १ कोटी ८ लाख झाले, तर प्रमाण ४५ वर जाते. संख्या वाढूनही वर्ग अधिक भरला. मलावीने १९९४ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केले, तेव्हा पटसंख्या एका वर्षात सुमारे १९ लाखांवरून सुमारे २९ लाखांवर गेली आणि हजारो अप्रशिक्षित व्यक्तींना शिक्षक म्हणून घ्यावे लागले. म्हणून प्रशिक्षित शिक्षकांचे प्रमाण वेगळ्या स्तंभात मांडावे; मात्र ‘प्रशिक्षित’ कोणाला म्हणावे हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो, त्यामुळे ते एकाच देशाच्या वर्षांमध्ये ताडून पाहणे अधिक सुरक्षित. याउलट दक्षिण कोरियासारख्या देशात २०२३ साली जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी होणाऱ्या मुलांची संख्या, ०.७२ इतका खाली आला. तेथे शिक्षकांची संख्या कमी होणे हे आपोआप दुरवस्थेचे लक्षण ठरत नाही. आज जन्मलेली मुले सुमारे सहा वर्षांनी पहिलीत येतात, म्हणून जन्मांची आकडेवारी हा पुढच्या गरजेचा सर्वांत विश्वासार्ह इशारा असतो.

सर्वाधिक दुर्लक्षित राहणारा भाग म्हणजे निव्वळ वाढीमागची आवक-जावक. वर्षअखेरचे शिक्षक म्हणजे वर्षारंभीचे शिक्षक, अधिक नवी भरती, वजा निवृत्त झालेले व सेवा सोडून गेलेले. युनेस्कोच्या माहितीनुसार जगभरात प्राथमिक शिक्षकांचे सेवा सोडण्याचे प्रमाण २०१५ मध्ये सुमारे ४.६ टक्के होते आणि २०२२ मध्ये सुमारे ९ टक्के झाले. २ लाख शिक्षकांच्या देशात ९ टक्के म्हणजे वर्षाला १८ हजार. एवढी भरती केली तरी संख्या जागच्या जागीच राहते आणि आलेखावर काहीच घडले नाही असे दिसते, जरी प्रत्येक अकराव्या वर्गासमोर नवा माणूस उभा असला तरी. शक्य असेल तेथे भरती आणि जावक यांच्या दोन स्वतंत्र रेषा काढाव्यात.

निष्कर्ष लिहिताना ‘शिक्षक वाढले’ एवढेच न लिहिता इयत्ता, शाळांचा प्रकार, मोजणीची पद्धत, आरंभीचे व अखेरचे वर्ष आणि त्याच काळातील पटसंख्या एकाच वाक्यात द्यावी. वाक्य लांबेल, परंतु वाचणाऱ्याला तो आकडा स्वतः पडताळून पाहता येईल.