कोल्हापुरात जागेत पैसे गुंतवण्याआधी: पूररेषा, नाला आणि भराव यांची तपासणी

कोल्हापूर परिसरात गुंतवणूक म्हणून प्लॉट किंवा फ्लॅट घेणारे बहुतेक जण दर, रस्त्याची रुंदी आणि कर्जाचा हप्ता यांचा हिशेब आधी मांडतात आणि पाण्याची चौकशी व्यवहार ठरत आल्यावर करतात. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांनंतर हा क्रम बदलायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले काम पूररेषेचे. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द निळ्या रेषेने आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द लाल रेषेने दाखवतात. नदी व निळी रेषा यांमधला पट्टा बांधकामासाठी निषिद्ध, तर निळ्या व लाल रेषेमधला पट्टा नियंत्रित मानला जातो. या रेषा जलसंपदा विभाग आखतो. जागेचा गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक घेऊन त्या विभागाकडे आणि महापालिकेच्या नगररचना विभागाकडे नकाशा स्वतः पाहावा. एजंटाच्या मोबाईलवरील छायाचित्रावर विसंबू नये. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा नदीची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, मात्र २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या आणि २०२१ मध्ये ५६ फुटांच्या वर गेले होते. त्यामुळे ‘धोका पातळीलाही इथे पाणी येत नाही’ हे विक्रेत्याचे वाक्य खरे असले, तरी पुरेसे नाही. २०१९ आणि २०२१ ला पाणी नेमके कुठवर आले होते, हे विक्रेत्याला न विचारता शेजारच्या दुकानदाराला आणि गल्लीतल्या जुन्या रहिवाशांना विचारावे.

नदीपासून लांब असलेली जागा आपोआप सुरक्षित ठरत नाही. पंचगंगा फुगली की जयंती आणि दुधाळी यांसारख्या नाल्यांचे पाणी नदीत उतरू शकत नाही, ते मागे तुंबते आणि नदी दिसतही नाही अशा वस्तीत शिरते. म्हणून जुन्या गाव नकाशावर ओढ्याची रेघ कुठून जाते ते पाहून प्रत्यक्ष जागेवर तो ओढा उघडा आहे, पाईपात घातला आहे की बुजवला आहे, याची खात्री करावी. आजूबाजूच्या उसाच्या शेतापेक्षा एखादा प्लॉट ठळकपणे उंच दिसत असेल, तर तो भरावावर आहे का, हे विचारायलाच हवे. पूरक्षेत्रात टाकलेला भराव पाण्याची जागा अडवतो आणि ते पाणी दुसऱ्याच्या उंबऱ्यावर ढकलतो. असा प्लॉट कागदोपत्री निर्दोष असला, तरी तो घेऊ नये असे मला मनापासून वाटते, कारण त्याची किंमत शेवटी शेजारचे कुटुंब मोजते. शिवाय काळ्या कसदार जमिनीवर किंवा नीट न दाबलेल्या भरावावर पाया महाग पडतो. मातीची तपासणी अभियंत्याकडून करून घेऊन तो खर्च दरात धरावा.

घर कोरडे राहिले, तरी वस्ती अडकू शकते. महापुरात शिरोलीजवळ पुणे–बंगळूर महामार्ग बंद पडला आणि उपसा केंद्रे पाण्यात गेल्याने शहराचा पाणीपुरवठाही थांबला. भाडेकरू मिळण्यावर याचा परिणाम होतो, म्हणून पोहोच रस्त्याची उंची आणि विहीर वा बोअरच्या पाण्याची तपासणी या दोन्ही गोष्टी पाहाव्यात. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीजवळ फौंड्रीची धूळ व आवाज आणि साखर कारखान्याजवळ मळीचा वास यांचा अंदाज गाळप हंगामात संध्याकाळी जाऊन घ्यावा.

पन्हाळा, गगनबावडा किंवा राधानगरीकडे फार्महाऊससाठी जागा पाहणाऱ्यांनी ते गाव पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा यादीत आहे का, अभयारण्याच्या भोवतीच्या क्षेत्रात येते का आणि डोंगर कापून सपाटी केली आहे का, हे तपासावे. कापलेल्या उतारावर मुसळधार पावसात माती घसरण्याचा धोका राहतो.

फ्लॅट असल्यास महारेराच्या (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावरील मंजूर नकाशा पूररेषेच्या नकाशाशी ताडून पाहावा. पूरविमा मिळतो का आणि किती हप्त्याला, हेही विमा कंपनीला आधीच विचारावे. जागा निळ्या रेषेबाहेर आहे आणि ती भरावावर नाही, हे विक्रेत्याचे म्हणणे साठेखतात (खरेदीखताआधीच्या करारात) लिहून घेतल्याशिवाय विसार म्हणजे आगाऊ रक्कम देऊ नये. लिहून द्यायला तो नकार देत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.