पाइपलाइनवरच्या स्फोटाचं कॉम्प्युटर मॉडेल : या चुका टाळा

"काका, एवढा स्फोट झाला तरी पाइपला काही झालंच नाही!" दांडिया बाजारातल्या आमच्या घरी एम.ई.चा एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला, तो हे सांगतच. जवळच कोयलीची रिफायनरी असल्याने बडोद्यात असले प्रोजेक्ट मुलं हौसेने घेतात.

मी विचारलं, पाइपचं वजन किती दाखवतंय? ६१० मिमी व्यास, १० मिमी जाडी, १२ मीटर लांबी. हातच्या हिशेबाने सुमारे १७७६ किलो यायला हवेत. मॉडेल होतं मिलिमीटर-टन-सेकंदात आणि पोलादाची घनता टाकली होती ७८५०, म्हणजे किलो-मीटरमधली. तिथे ०.००००००००७८५ हवी. म्हणजे पाइप एक लाख कोटी पट जड! तो कशाला हलतोय? सॉफ्टवेअर मात्र चूं करत नाही. त्याला एकक नावाची गोष्ट ठाऊकच नसते. म्हणून रन (गणित) लावण्याआधी एकूण वजन बघा.

दुसरी चूक आतल्या दाबाची. याच पाइपमध्ये ७ मेगापास्कल दाबाचा गॅस असेल, तर हूप स्ट्रेस, म्हणजे पाइपच्या घेराच्या दिशेने पोलादावर येणारा ताण, २१३ मेगापास्कलच्या घरात जातो. एक्स६५ या पाइपलाइनच्या पोलादाची यील्ड (ज्या ताणाला ते कायमचं वाकू लागतं) साधारण ४५० मेगापास्कल धरली, तर स्फोट व्हायच्या आधीच जवळपास निम्मी ताकद खर्ची पडलेली असते. रिकाम्या पाइपवर स्फोट करून "सुरक्षित" लिहिणारे अहवाल मी पाहिलेत. दाब दिलाच, तरी तो शून्याव्या क्षणी एका झटक्यात देऊ नका. पाइप घंटेसारखा थरथरतो आणि ती थरथर स्फोटाच्या खात्यावर जमा होते. दाब हळूहळू चढवा, पाइप स्थिर होऊ द्या, मग स्फोट.

तिसरी चूक माझी स्वतःची. वेगाने ताणलं की पोलाद जास्त ताकद दाखवतं. ही वाढ मोजणाऱ्या काउपर-सायमंड्स सूत्रातले ४०.४ आणि ५ हे आकडे मी एक्स७० या एक्स६५ हून ताकदवान पोलादाला बिनधास्त लावले. ते आहेत साध्या माइल्ड स्टीलचे! सेकंदाला १०० या स्ट्रेन रेटला (ताणण्याच्या वेगाला) त्यांनी ताकद २.२ पट होते. उंच ताकदीच्या पोलादात वाढ याहून बरीच कमी असते. माझा अहवाल तपासणाऱ्याने हे पहिल्याच पानावर पकडलं. कान लाल झाले.

गॅसगळतीच्या स्फोटाला सरसकट टीएनटी या स्फोटकाचा दाब-आलेख (वेळेनुसार दाब कसा बदलतो तो) लावू नका. गॅसचा दाब सहसा सावकाश चढतो आणि जास्त वेळ टिकतो.

पुरलेल्या पाइपभोवती मॉडेलमध्ये मातीचा ठोकळा घेतात; त्याच्या कडा नुसत्या जखडल्या तर स्फोटाची लाट तिथे आपटून परत येते. मातीत लाटेचा वेग सेकंदाला ५०० मीटर आणि कड पाइपपासून १० मीटरवर असेल, तर पाइप ओलांडून गेलेली लाट ४० मिलिसेकंदांत पुन्हा पाइपच्या दारात. त्या सुमारास आलेखात नवा उंचवटा दिसला, तर तो स्फोटाचा समजू नका. कडांना नॉन-रिफ्लेक्टिंग बाउंडरी, म्हणजे लाट परत न पाठवणारी कड, द्या.

मेश, म्हणजे मॉडेलचे छोटे तुकडे पाडणारी जाळी, बारीक केली की पाइप लवकर फाटतो, कारण ताण एकाच पट्ट्यात एकवटतो. फाटण्याचा स्ट्रेन (किती ताणल्यावर पोलाद फाटतं तो आकडा) ज्या मेशवर जुळवला, तीच मेश ठेवा; बदलली तर तोही नव्याने जुळवा.