फ्रेंच क्रांतीच्या भाषणांतील रोमन संदर्भ कसे वाचावेत

फ्रेंच क्रांतीची भाषणे आणि वृत्तपत्रे वाचताना ब्रूटस, केटो, ग्रॅकस ही प्राचीन रोममधील व्यक्तींची नावे वारंवार येतात. त्यांना केवळ अलंकार समजून पुढे गेल्यास वक्त्याच्या युक्तिवादाचा गाभाच हातातून निसटतो.

असे नाव आले की ते नेमके कोणाचे, हे आधी निश्चित करावे. ब्रूटस दोन आहेत. परंपरेनुसार इ.स.पूर्व 509 मध्ये राजा टार्क्विनला हाकलून प्रजासत्ताक स्थापणारा तो ल्यूशियस, आणि इ.स.पूर्व 44 मध्ये सीझरच्या हत्येत सामील झालेला तो मार्कस. ल्यूशियसने राजाच्या बाजूने कट करणाऱ्या स्वतःच्या मुलांना देहदंड दिला होता. झाक-लुई दाविद यांचे 1789 चे प्रसिद्ध चित्र याच प्रसंगावर आहे. त्यामुळे हुकूमशहाच्या वधाचे समर्थन चालले आहे, की राष्ट्रासाठी आप्तांवर पाणी सोडण्याची मागणी, हे ब्रूटस कोणता यावरून कळते.

त्यानंतर वक्त्याचे शिक्षण पाहावे. रोबेस्पिअर आणि कामीय देमूलँ हे दोघे क्रांतिनेते पॅरिसच्या लुई-ल-ग्राँ विद्यालयात लॅटिन ग्रंथ वाचत वाढले. राजाच्या नावाने चालणाऱ्या विद्यालयात प्रजासत्ताकाच्या कथा पाठ करून घेतल्या जात होत्या, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अनेक श्रोतेही याच शिक्षणातून आलेले असल्याने वक्त्याला नुसता उल्लेख पुरत असे.

सर्वांत फलदायी काम म्हणजे मूळ प्राचीन मजकूर शेजारी ठेवून वाचणे. सप्टेंबर 1793 मध्ये, क्रांतीचे शत्रू असल्याच्या संशयावरून लोकांना अटक करू देणारा ‘संशयितांचा कायदा’ झाला आणि त्याच डिसेंबरमध्ये देमूलँने ‘ल व्ह्यू कॉर्देलिए’ या पत्राच्या तिसऱ्या अंकात रोमन इतिहासकार टॅसिटसच्या आधारे रोमन सम्राटांच्या काळाचे वर्णन केले. तिथे लोकप्रिय माणूस प्रतिस्पर्धी म्हणून संशयित ठरतो आणि लोकांपासून दूर राहणाराही संशयितच ठरतो. वरवर ही राजेशाहीवरील टीका असली, तरी वाचकाला समोर पॅरिसच दिसत होते. 5 एप्रिल 1794 रोजी क्रांतिनेता दाँतोंबरोबर देमूलँचाही शिरच्छेद झाला.

मूळ आणि वापर यांत तफावत आढळल्यास तीही टिपून ठेवावी, कारण भीती कशाची होती हे तिच्यातून उघड होते. इ.स.पूर्व 133 मधील टायबेरियस ग्रॅकसचा कृषी कायदा सार्वजनिक जमिनीपुरता, ठरावीक मर्यादेहून अधिक बळकावलेल्या भागापुरता होता. फ्रान्समध्ये मात्र ‘कृषी कायदा’ म्हणजे सर्वांच्या मालमत्तेचे समान वाटप असाच समज रूढ झाला, आणि मार्च 1793 मध्ये तो सुचवणाऱ्यालाही मृत्युदंड ठरला. तरीही समान मालमत्तेचा पुरस्कर्ता क्रांतिकारक बाबफ याने पुढे ग्रॅकस हेच नाव स्वीकारले. 1797 मध्ये त्यालाही गिलोटिनवर जावे लागले.

शेवटी काय वगळले आहे, तेही शोधावे. प्राचीन प्रजासत्ताके गुलामांच्या श्रमावर उभी होती, याची आठवण फ्रेंच विचारवंत व्होल्ने यांनी 1795 च्या व्याख्यानांत करून दिली. हा मुद्दा मनात ठेवून रोबेस्पिअरचे कन्व्हेन्शनमधील, म्हणजे क्रांतिकाळातील राष्ट्रीय प्रतिनिधिसभेतील, 5 फेब्रुवारी 1794 चे भाषण वाचावे. त्यात ग्रीस आणि रोमच्या सद्गुणांचा गौरव आहे, आणि आदल्याच दिवशी त्याच कन्व्हेन्शनने फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली होती.