झांबियाचे शेजारी लिहिताना या चुका टाळा

झांबियाला आठ शेजारी आहेत, हे स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. आठही नावं बरोबर लिहिणारे मात्र बोटांवर मोजण्याइतके.

बहुतेक घोळ आद्याक्षरांच्या युक्तीने होतो. एकाला ‘ब’ आठवला आणि त्याने बुरुंडी लिहून टाकलं. वर वाद: “सर, टांगानिका सरोवर दोघांनाही लागतं की!” लागतं ना. टांझानिया, काँगो, बुरुंडी आणि झांबिया, चौघांनाही लागतं. पण सरोवर सुमारे ६७० किलोमीटर लांब. बुरुंडी उत्तरेच्या टोकाला, झांबिया दक्षिणेच्या. त्याचा ‘ब’ बोट्स्वानाचा होता. अक्षर पाठ केलं की अक्षरच उरतं, देश नाही.

मी नकाशावर बोट फिरवायला लावतो. दक्षिणेला झांबेझी नदीवरच्या काझुंगुला या ठिकाणी बोट ठेवा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने निघा: बोट्स्वाना, नामिबिया, अंगोला, काँगो, टांझानिया, मलावी, मोझांबिक, झिम्बाब्वे. रोज एकदा, आठवडाभर. ज्यांना पाच मिनिटांत हवं असतं, ते परीक्षेत बुरुंडी लिहितात.

आता काझुंगुलाच. ‘इथे झांबिया, बोट्स्वाना, नामिबिया, झिम्बाब्वे हे चार देश एका बिंदूत मिळतात’ हे वाक्य मी स्वतः वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं आणि सराव परीक्षेत प्रश्नही काढला. एका मुलीने मोबाइलवरचा नकाशा मोठा करून दाखवला: “सर, पूल झांबियातून थेट बोट्स्वानात जातोय. बिंदूच असता तर गेला असता का?” प्रश्न रद्द करावा लागला. झांबिया आणि बोट्स्वाना यांच्यात साधारण दीडशे मीटरची सीमा आहे, तीही झांबेझीच्या पात्रात. तेवढ्या फटीतून ९२३ मीटरचा पूल न्यायचा आणि झिम्बाब्वेच्या हद्दीत पाऊलही टाकायचं नाही, म्हणून तो वळणदार बांधला. मे २०२१ मध्ये तो सुरू झाला. त्याआधी ट्रक तराफ्यासाठी दिवसेंदिवस ताटकळत.

नामिबिया ‘एवढ्या लांब कसा’ म्हणून गाळू नका. कॅप्रिव्हीची चिंचोळी पट्टी पाहा. झांबेझीपर्यंत वाट हवी म्हणून तेव्हा नामिबियावर राज्य करणाऱ्या जर्मनीने १८९०च्या करारात ती मिळवली. पुढे व्हिक्टोरिया धबधबा आहे, तिथून जहाज जाणार कसं, हा विचार बहुधा नंतर झाला.

काँगो लिहिताना ‘लोकशाही प्रजासत्ताक’ जोडा, ब्राझाव्हिल राजधानी असलेला काँगो वेगळा. दक्षिण आफ्रिका शेजारी नाही. मलावी सरोवर झांबियाला लागत नाही.

कोऱ्या नकाशात उत्तरेची सीमा सरळ ओढणाऱ्याचे मी अर्धे गुण कापतो. काँगोची जीभ झांबियाच्या पोटात घुसलेली आहे. तांबेपट्ट्यातून, म्हणजे झांबियाच्या तांब्याच्या खाणींच्या भागातून, झांबियातल्याच मान्सा शहराला निघालेला झांबियन माणूस जवळचा रस्ता धरतो तेव्हा मध्येच परदेशातून जातो. आणि आमची मुलं ती जीभ खोडरबराने पुसून टाकतात.